सोळाशे व्हॉल्व्ह आणि एक टेलिफोन इंजिनिअर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो त्या सरांनी उभं आयुष्य तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये काढलं. त्यांच्या नावाच्या या व्याख्यानात संगणकाच्या इतिहासावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा माणूस निवडायला मला वेळ लागला नाही. या इतिहासातल्या गणितज्ञांची नावं आपल्याला पाठ आहेत. बॅबेज, ट्युरिंग, फॉन नॉयमन. मी आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते गणितज्ञ नव्हते, प्राध्यापक नव्हते, कुठल्या मोठ्या विद्यापीठात नोकरीला नव्हते. ब्रिटिश टपालखात्यात टेलिफोन एक्स्चेंजचं काम पाहणारे ते एक इंजिनिअर होते. टॉमस हॅरोल्ड फ्लॉवर्स. सगळे त्यांना टॉमी म्हणत.

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ साली, या माणसानं 'कोलॉसस' नावाचं यंत्र बांधलं. सुमारे १६०० व्हॉल्व्हचं यंत्र. तोवर कुणी शे-दीडशेपेक्षा जास्त व्हॉल्व्ह एका यंत्रात घालायला सहसा धजावलेलं नव्हतं. असं यंत्र चालेल हे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या तज्ज्ञांना पटलं नाही. युद्धाचा खर्च सांभाळणाऱ्यांना पटलं नाही. पटलं ते एका टेलिफोनवाल्याला. का? त्याला असं काय ठाऊक होतं, जे त्या काळातल्या इतक्या बुद्धिमान माणसांना ठाऊक नव्हतं? आणि जे ठाऊक होतं ते पुढं तीस वर्षं त्याला कुणाला सांगता का आलं नाही?

आजचं माझं बोलणं या प्रश्नांभोवती आहे. आधी माणूस, मग यंत्र, मग त्या दोघांवर पडलेला पडदा, या क्रमानं जाऊ.

फ्लॉवर्स यांचा जन्म २२ डिसेंबर १९०५ चा, पूर्व लंडनमधल्या पॉप्लरचा. गोदीतल्या कामगारांची, हातावर पोट असलेल्या माणसांची ती वस्ती. वडील गवंडी. फ्लॉवर्स यांच्या लहानपणची एक हकीकत प्रसिद्ध आहे. तुला बहीण झाली, असं घरच्यांनी सांगितलं तेव्हा टॉमी म्हणाला, त्यापेक्षा मेकॅनोचा संच मिळाला असता तर बरं झालं असतं! पोरगा कुठल्या वाटेनं जाणार हे तेव्हाच दिसत होतं.

पुढं वूलिचच्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. दिवसा कारखाना आणि रात्री लंडन विद्यापीठाचे वर्ग. अशी पदवी मिळवलेले लोक इथं समोर बसले असतील, त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. दिवसभर कानस आणि लेथ, संध्याकाळी अंगावरच्या तेलकट वासासकट वर्गात जाऊन बसायचं आणि समीकरणं सोडवायची. त्यातून फ्लॉवर्सनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. १९२६ मध्ये ते टपालखात्याच्या टेलिफोन शाखेत लागले. आपल्याकडे पूर्वी पोस्ट, तार आणि टेलिफोन हे एकाच खात्याकडे होतं, तसंच तिकडेही होतं. १९३० पासून ते लंडनच्या डॉलिस हिल भागातल्या खात्याच्या संशोधन केंद्रात काम करू लागले.

त्या वेळचं टेलिफोन एक्स्चेंज डोळ्यांसमोर आणा. भिंतभर लोखंडी रॅक, त्यांत हजारो रिले आणि फिरते स्विच. एकानं नंबर फिरवला की कुठंतरी खटखट होते, लोखंडाची पट्टी सरकते, जोडणी होते. अखंड खडखडाट. धूळ बसली की संपर्क बिघडतो, स्प्रिंग थकते, टोकं जळतात. फ्लॉवर्सना वाटलं, ही हलणारी लोखंडं काढून टाकता येतील. रिलेचं काम व्हॉल्व्ह करू शकेल, आणि कितीतरी पट वेगानं करू शकेल.

आता व्हॉल्व्हविषयी दोन शब्द बोलतो, कारण आजच्या कथेची किल्ली तिथं आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवेल. बटण फिरवलं की आधी आत तांबूस उजेड दिसायचा, मग थोड्या वेळानं आवाज यायचा. आणि एखाद्या दिवशी बटण फिरवावं तर उजेडही नाही आणि आवाजही नाही. व्हॉल्व्ह उडाला! हा सगळ्यांचा अनुभव होता. गणितज्ञाचाही होता, सेनापतीचाही होता. तेव्हा ज्या यंत्रात एक-दोन हजार व्हॉल्व्ह आहेत ते यंत्र चालायचं कसं? सतत कुठला ना कुठला उडणारच. हिशेब सरळ होता, आणि कुणीही शहाण्या माणसानं तोच केला असता.

फ्लॉवर्सनी तो केला नाही, कारण त्यांच्याकडं दुसरा अनुभव होता. १९३४ च्या सुमारास त्यांनी टेलिफोनच्या हजार लाइनींचं नियंत्रण करणारी एक व्यवस्था उभी केली. तिच्यात तीन ते चार हजार व्हॉल्व्ह होते. १९३९ पर्यंत अशी यंत्रणा मर्यादित प्रमाणात का होईना, पण लोकांच्या वापरात आली होती. ती चालवताना त्यांच्या लक्षात आलं की व्हॉल्व्ह चालू असताना सहसा उडत नाहीत. ते उडतात चालू-बंद करताना. आतली थंड तार एकदम तापते, तापलेली पुन्हा निवते, आणि त्या ताणात तुटते. घरातला रेडिओ आपण दिवसातून दहा वेळा चालू-बंद करायचो, इकडून तिकडे उचलून न्यायचो, म्हणून तो दगा द्यायचा. व्हॉल्व्हला विजेचा बेताचा दाब द्या, हळूहळू तापवा आणि एकदा चालू केला की बंदच करू नका. मग तो वर्षानुवर्षं चालतो.

एवढंच! एवढ्या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे. हा सिद्धान्त नव्हता. कुठल्या पुस्तकात सापडणारा नियम नव्हता. रोज रॅकसमोर उभं राहून, कुठला भाग कधी आणि का गेला याची नोंद ठेवणाऱ्या माणसाला हे कळतं. मला वाटतं, संगणकाच्या इतिहासातला हा फार मोठा शोध आहे, आणि तो शोध म्हणून कुठंही नोंदला जात नाही. देखभालीतून आलेलं ज्ञान आपण ज्ञान म्हणून मोजतच नाही.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये फ्लॉवर्स कामानिमित्त बर्लिनमध्ये होते. परिस्थिती चिघळत चालली होती. ताबडतोब निघा असा सल्ला ब्रिटिश वकिलातीकडून मिळाला आणि ते हॉलंडची सीमा ओलांडून परतले. युद्ध सुरू व्हायला तेव्हा काही दिवसच उरले होते. ते तिथं अडकले असते तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आता यंत्राकडे वळू. इथं आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण सिनेमांनी तो पक्का केला आहे. ट्युरिंग, ब्लेचली पार्क, एनिग्मा, संगणक, हे सगळं लोक एकात एक मिसळतात. एनिग्मा हे जर्मन सैन्यदलांचं रोजच्या वापरातलं सांकेतिक यंत्र. ते फोडायला ट्युरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी 'बॉम्ब' नावाची यंत्रं केली ती फिरत्या ढोलांची, रिलेची, म्हणजे विद्युत-यांत्रिक होती. कोलॉससचा एनिग्माशी काही संबंध नाही. कोलॉससचं लक्ष्य वेगळं आणि वरच्या दर्जाचं होतं. हिटलर, त्याचं सर्वोच्च लष्करी मुख्यालय आणि आघाडीवरचे सेनापती यांच्यातला टेलिप्रिंटरचा पत्रव्यवहार लॉरेन्झ कंपनीच्या यंत्रातून सांकेतिक होऊन जायचा. ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या संदेश फोडणाऱ्या केंद्रात या संदेशांना 'टनी' म्हणत, म्हणजे ट्यूना मासा.

लॉरेन्झ यंत्रात बारा चाकं. चाकांवर मिळून ५०१ खुंट्या, प्रत्येक वर किंवा खाली करता येणारी. टेलिप्रिंटरचं प्रत्येक अक्षर म्हणजे पाच जागा, तिथं भोक आहे किंवा नाही. चाकं फिरत फिरत अक्षरांची एक वेडीवाकडी माळ तयार करायची आणि ती मूळ मजकुरात मिसळायची. घेणाऱ्याकडं तशीच चाकं, तशीच मांडणी. त्यानं तीच माळ पुन्हा मिसळली की मजकूर मोकळा.

हे फुटलं कसं? ३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन ऑपरेटरनं सुमारे ४००० अक्षरांचा संदेश पाठवला. पलीकडून निरोप आला, नीट मिळाला नाही, पुन्हा पाठवा. त्यानं चाकं पुन्हा त्याच जागी आणून ठेवली, जे करायला सक्त मनाई होती, आणि तोच मजकूर पुन्हा टाइप केला. आता तो कंटाळलेला होता. चार हजार अक्षरं दुसऱ्यांदा टाइप करायची म्हणून त्यानं काही शब्द तोडले, संक्षेप वापरले. अगदी तसाच पाठवला असता तर ब्रिटिशांच्या हाती काही लागलं नसतं. थोडासा वेगळा पाठवला, म्हणून दोन्ही संदेश एकमेकांवर ठेवून जॉन टिल्टमन या अधिकाऱ्यानं ते सोडवले आणि ती माळ वेगळी काढली. त्या माळेवरून बिल टट या तरुण गणितज्ञानं, लॉरेन्झ यंत्र डोळ्यांनी कधीही न पाहता, त्यात किती चाकं आहेत आणि कशी फिरतात हे कागद-पेन्सिलीवर शोधून काढलं. टट यांच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं. जानेवारी १९४२ पर्यंत यंत्राचं अंतरंग कळलं होतं.

पण अंतरंग कळलं तरी रोजचे संदेश वाचता येत नव्हते. प्रत्येक संदेशासाठी चाकं कुठल्या जागेवरून सुरू झाली हे शोधायला हवं. टट यांनीच रीत काढली. बारापैकी दोन चाकं घ्यायची. एकाला ४१ जागा, दुसऱ्याला ३१. गुणाकार १२७१. यांतल्या प्रत्येक शक्यतेसाठी सगळा संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायचा आणि एक विशिष्ट जुळणी किती वेळा होते ते मोजायचं. चुकीच्या जागी निम्म्याच्या आसपास जुळण्या होतील, बरोबर जागी निम्म्याहून किंचित जास्त. तो किंचित फरक पकडायचा. माणसानं हातानं हे करायचं म्हटलं तर युद्ध संपेल, संदेश सुटणार नाही.

हे काम यंत्रानं करावं, असं केंब्रिजचे गणितज्ञ मॅक्स न्यूमन यांना सुचलं. ज्यांच्या व्याख्यानांतून ट्युरिंगना त्यांच्या प्रसिद्ध सिद्धान्ताची प्रेरणा मिळाली तेच हे न्यूमन. त्यांच्या सूचनेवरून एक यंत्र तयार झालं. त्यात कागदी पट्टीच्या दोन माळा होत्या, एकीवर संदेश, दुसरीवर चाकांचा नमुना. दोन्ही सेकंदाला हजार-दोन हजार अक्षरं या वेगानं एकमेकींच्या जोडीनं धावायच्या. ते यंत्र चालवणाऱ्या मुलींनी त्याचं नाव 'हीथ रॉबिन्सन' ठेवलं, अचाट विनोदी यंत्रांची चित्रं काढणाऱ्या एका चित्रकाराचं. दात्यांच्या चाकांवरून ओढल्या जाणाऱ्या त्या पट्ट्या ताणायच्या, भोकं फाटायची, एक पट्टी दुसरीच्या मागं पडायची. तीच पट्टी दोनदा चालवली तर दोन वेगळी उत्तरं यायची.

ट्युरिंग फ्लॉवर्सना ओळखत होते, कारण आधी एका कामात त्यांनी डॉलिस हिलची मदत घेतली होती. ट्युरिंगनीच न्यूमनना फ्लॉवर्स यांचं नाव सुचवलं. रॉबिन्सनची दुरुस्ती करून द्या, एवढंच मागणं होतं. फ्लॉवर्सनी यंत्र पाहिलं आणि सांगितलं की याची दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. दोन पट्ट्या एकत्र धावायला लावणं हीच मूळ खोट आहे. चाकांचा नमुना पट्टीवर ठेवायचाच कशाला? तो व्हॉल्व्हच्या साखळ्यांमध्ये ठेवा. मग पट्टी एकच उरते, संदेशाची. आणि एकच पट्टी असली की ती कुणाशी जुळवून घ्यायची नाही. पट्टीच्या मध्यावर बारीक भोकांची एक रांग असतेच. ती रांग प्रकाशानं वाचायची आणि तिच्या ठोक्यावर सगळं यंत्र चालवायचं. पट्टी ताणली, आखडली, वेग कमी-जास्त झाला, तरी यंत्र तिच्याच तालावर चालेल.

हा विचार किती सुंदर आहे पाहा! सगळे जण पट्टीला यंत्राच्या तालावर आणायला धडपडत होते. या माणसानं यंत्रच पट्टीच्या तालावर आणलं. आजच्या प्रत्येक संगणकात एक ठोका असतो आणि सगळी कामं त्या ठोक्याला बांधलेली असतात. मोठ्या प्रमाणावर ते पहिल्यांदा इथं झालं.

पण यासाठी दीड-दोन हजार व्हॉल्व्ह लागणार होते. ब्लेचलीत माना हलल्या. हे चालणार नाही, आणि चाललं तरी तयार होईपर्यंत युद्ध संपलेलं असेल. आम्ही आणखी रॉबिन्सन मागवतो. फ्लॉवर्स डॉलिस हिलला परत आले. त्यांचे संचालक गॉर्डन रॅडली त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि काम सुरू झालं. ज्यांच्यासाठी यंत्र बांधायचं त्यांचीच मागणी नाही, तरी! फ्लॉवर्सनी त्यात पदरमोडही केली. सिडनी ब्रॉडहर्स्ट, विल्यम चँडलर, पुढं ॲलन कूम्ब्स, हॅरी फेन्सम हे सगळे टेलिफोनचे लोक. अकरा महिने रात्रंदिवस काम चाललं. घरी फ्लॉवर्सनी पत्नी आयलीन यांना एवढंच सांगितलं होतं की काम गुप्त आणि महत्त्वाचं आहे.

८ डिसेंबर १९४३. डॉलिस हिलमध्ये यंत्र पहिल्यांदा दाखवलं गेलं. ब्लेचलीच्या मंडळींनी असा संदेश आणला होता की ज्याचं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. पट्टी लावली. अर्ध्या तासानं उत्तर आलं आणि ते बरोबर होतं. पुन्हा लावा, म्हणाले. पुन्हा तेच उत्तर. असं चारएक तास चाललं आणि दर वेळी तेच उत्तर आलं. त्या पाहुण्यांना खरा धक्का वेगाचा बसला नाही. यंत्र दर वेळी तेच सांगतं, याचा बसला. रॉबिन्सनची सवय झालेल्या माणसांना, यंत्रावर भरवसा ठेवता येतो ही कल्पनाच नवी होती.

सेकंदाला ५००० अक्षरं हा कोलॉससचा वेग होता. फ्लॉवर्सनी पट्टी आणखी पळवून पाहिली होती. सेकंदाला ९७०० अक्षरांच्या वेगाला कागद फाटून तुकडे उडाले. व्हॉल्व्ह दमले नव्हते, कागद दमला.

१८ जानेवारी १९४४ ला यंत्र ब्लेचलीत पोचलं आणि ५ फेब्रुवारीला त्यानं पहिला खरा संदेश हाताळला. आता पटलं! आता आणखी यंत्रं हवी होती, आणि १ जूनच्या आत हवी होती. एवढ्या अवधीत फक्त एक देता येईल, असं फ्लॉवर्सनी सांगितलं. ही सुधारलेली आवृत्ती २४०० व्हॉल्व्हची. पाच शक्यता एकाच वेळी तपासणारी, म्हणजे पाचपट वेगवान. ३१ मेच्या रात्री ती जोडून झाली होती आणि चालत नव्हती. मध्यरात्र उलटल्यावर थकलेली मंडळी घरी गेली. चँडलर एकटे थांबले. पहाटे तीनच्या सुमारास शेजारचा रेडिएटर गळायला लागला आणि गरम पाण्याचं तळं उच्च दाबाच्या विजेच्या भागाकडे सरकू लागलं. त्या पाण्याला अडवत चँडलर दोष शोधत राहिले. सकाळी बाकीचे परत आले तेव्हा यंत्र चालत होतं. तारीख १ जून १९४४.

पाच दिवसांनी नॉर्मंडीवर दोस्तांच्या फौजा उतरल्या. आदल्या दिवशी आयझेनहॉवर यांच्या हातात कोलॉससनं सोडवलेल्या संदेशाचा सारांश पडला आणि त्यांनी निघायचं ठरवलं, असं फ्लॉवर्स पुढं सांगत. या हकीकतीच्या तपशिलाबद्दल इतिहासकारांना शंका आहे, म्हणून मी तिच्यावर भर देणार नाही. त्याची गरजही नाही. युद्ध संपेपर्यंत दहा कोलॉसस चालू होते. ती चालवायला नौदलाच्या महिला दलातल्या अडीचशेवर तरुणी पाळ्यांमध्ये काम करत. वरच्या दर्जाच्या जर्मन संदेशांची सहा कोटी तीस लाख अक्षरं त्या विभागानं उलगडली. आणि एकदा चालू केलेली यंत्रं, फ्लॉवर्सनी सांगितल्याप्रमाणे, बंद केली गेली नाहीत.

कोलॉसस हा पूर्ण अर्थानं आजचा संगणक होता का? नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यात प्रोग्राम साठवून ठेवायची सोय नव्हती. काम बदलायचं तर स्विच आणि प्लग बदलावे लागत. जर्मनीत कोन्राड त्सूझे यांनी १९४१ मध्येच रिलेचं स्वयंचलित गणकयंत्र केलं होतं. प्रोग्राम साठवणारं यंत्र मँचेस्टरला १९४८ मध्ये चाललं. 'पहिला कोण' या वादात मला फारसा रस नाही. हजारो व्हॉल्व्ह एकत्र, अचूक आणि दिवसरात्र काम करू शकतात, हे कोलॉससनं सिद्ध केलं. ते सिद्ध झाल्याशिवाय पुढचं काहीच शक्य नव्हतं.

आता पडदा.

युद्ध संपलं आणि दहापैकी आठ यंत्रं मोडून टाकायचा हुकूम निघाला. उरलेली दोन गुप्तचर खात्याकडं गेली. फ्लॉवर्सना सांगण्यात आलं की कागदपत्रं नष्ट करा. त्यांनी कोलॉससची रेखाचित्रं, आराखडे, कागदावर होतं नव्हतं ते सगळं उचललं, डॉलिस हिलच्या बॉयलरमध्ये टाकलं आणि जळताना उभं राहून पाहिलं. ही भयंकर चूक होती, असं त्यांनी पुढं म्हटलं. सरकारनं त्यांना १००० पौंडांचं बक्षीस दिलं. त्यांनी घातलेले पैसेही त्यात भरून निघत नव्हते. त्यातलाही बराचसा वाटा त्यांनी बरोबरच्या लोकांना दिला.

कीर्ती गेली, याचं दुःख आपण सगळे करतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेत 'एनिॲक' जाहीर झाला, जवळपास १८,००० व्हॉल्व्हचा, आणि जगानं त्यालाच पहिला मानलं. पण मला कीर्तीपेक्षा दुसऱ्या नुकसानीबद्दल बोलायचं आहे, कारण ते मोठं आहे आणि त्याबद्दल क्वचित बोललं जातं. कीर्तीबरोबर फ्लॉवर्स यांचा पुरावा गेला.

विचार करा. १९४६ साल आहे. हा माणूस टपालखात्याच्या बैठकीत बसलेला आहे आणि सांगतो आहे की टेलिफोन एक्स्चेंज पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक करता येईल. समोरचे सहकारी, पुन्हा, मान हलवतात. इतके व्हॉल्व्ह? चालायचे नाहीत. खोलीतल्या एका माणसाला माहीत आहे की चालतात. त्यानं ते चालवलेले आहेत, दहा यंत्रांत, महिनोन्महिने. आणि शपथेनं त्याचं तोंड बंद आहे. लोकांना तो अतिउत्साही, हट्टी माणूस वाटतो. न्यूमन मँचेस्टरला गेले, ट्युरिंग राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत गेले. कोलॉसस पाहिल्याचा आत्मविश्वास त्यांनी बरोबर नेला आणि नव्या संगणकांत तो वापरला. तो कुठून आला हे त्यांना सांगावं लागलं नाही, कारण त्यांच्या पाठीशी गणिताची प्रतिष्ठा होती. फ्लॉवर्स यांच्या पाठीशी काय होतं? फक्त केलेलं काम. तेच सरकारनं काढून घेतलं.

ट्युरिंग यांच्या नव्या संगणकाची जोडणी डॉलिस हिलनं करावी, असंही ठरत होतं. पण बॉम्बहल्ल्यांनी टेलिफोनचं जाळं उद्ध्वस्त झालेलं, नव्या जोडण्यांसाठी रांग लागलेली. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबणं म्हणजे काय हे आपल्या पिढीला कळतं! खात्याला माणसं सोडता येईनात. ट्युरिंग यांच्या आराखड्याचा एक भाग पुढं कूम्ब्स आणि चँडलर यांनी 'मोझेक' या यंत्रात उतरवला, पण त्याला १९५० नंतरचा काळ उजाडला. १९५७ मध्ये सरकारी बक्षीस रोख्यांचे नंबर काढणारं 'अर्नी' हे यंत्र झालं, तेही याच टेलिफोनवाल्यांच्या हातचं. १९६२ मध्ये लंडनच्या हायगेट वुडला पूर्ण इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं आणि ते यशस्वी झालं नाही. फ्लॉवर्स यांचं सगळंच बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रयोगासाठी खात्यानं १९४६ मध्ये त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा होता, तो सोळा वर्षांनी झाला. १९६४ मध्ये त्यांनी खातं सोडलं, एका खासगी कंपनीत काम केलं, १९६९ मध्ये निवृत्त झाले.

गुप्तता युद्धात लागते, हे मी जाणतो. युद्धानंतर काही वर्षंही लागत असेल. पण कोलॉससमध्ये दोन गोष्टी होत्या. कुणाचे संदेश फोडले, ही एक. व्हॉल्व्ह कसे वापरावेत, ही दुसरी. पहिली झाकायला दुसरीही जाळायलाच हवी होती का? मला नाही वाटत. एका देशानं आपल्याच सर्वांत पुढच्या माणसाला वीस वर्षं मागं बसवलं, असं मी या घटनेकडं पाहतो.

पडदा हळूहळू उचलला गेला. इतिहासकार ब्रायन रँडेल यांनी पाठपुरावा केला. १९७५ मध्ये सरकारनं काही छायाचित्रं खुली केली आणि १९७६ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस इथल्या परिषदेत रँडेल यांनी ही हकीकत संगणक क्षेत्रातल्या जुन्या धुरिणांपुढे मांडली. १९७७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठानं फ्लॉवर्सना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा ते सत्तरीत होते. १९९३ मध्ये, सत्त्याऐंशीच्या घरात, त्यांनी हेंडन कॉलेजातून माहिती-प्रक्रियेचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र घेतलं. अनेक जण ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला त्यात विनोद दिसत नाही. वूलिचच्या कारखान्यातून रात्रीच्या वर्गाला जाणारा तोच मुलगा मला तिथं दिसतो.

त्याच काळात टोनी सेल या इंजिनिअरनं कोलॉसस पुन्हा बांधायचं ठरवलं. आराखडे बॉयलरमध्ये गेलेले. हाताशी मूठभर छायाचित्रं, आणि काही इंजिनिअरांनी नियम मोडून जपून ठेवलेले सर्किटच्या आकृत्यांचे तुकडे. मग ज्यांनी यंत्र बांधलं होतं ते म्हातारे लोक एकेक करून पुढं आले. पट्टी वाचणारा भाग मूळ ज्यांनी रचला होता त्या अर्नोल्ड लिंच यांनी तो आठवून पुन्हा रचला. मोडीत निघालेल्या टेलिफोन एक्स्चेंजांमधून सुटे भाग आले. ६ जून १९९६ रोजी यंत्र सुरू झालं तेव्हा नव्वद वर्षांचे फ्लॉवर्स समोर होते. २८ ऑक्टोबर १९९८ रोजी ते गेले. टनीवरचा १९४५ चा सविस्तर सरकारी अहवाल २००० मध्ये खुला झाला. डॉलिस हिलच्या संशोधन केंद्रात आता लोक राहतात, आणि तिथल्या एका छोट्या रस्त्याला फ्लॉवर्स यांचं नाव आहे.

पुनर्बांधणीच्या या गोष्टीत माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा मिळतं, असं मला वाटतं. कागद जळाले, पण सोल्डरिंग आयर्न धरलेल्या माणसांना यंत्र माहीत होतं. या सभागृहातही टेलिफोन खात्यात, रेडिओ दुरुस्तीत, सरांच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले लोक बसले आहेत. व्हॉल्व्ह आणि रिले मी पुस्तकातून शिकलो, त्यांनी हातानं हाताळले आहेत. प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवलेला आहे. आधी त्यांनी बोलावं, अशी माझी विनंती आहे. मी थांबतो.